टॅपचा आवाज मागून भरताना : नोंद तिसरी

'सिंगिन इन द रेन'मधल्या (१९५२) पावसातल्या टॅप नाचात जीन केलीच्या बुटांचा (तळाला टाच आणि चवड्याखाली 'टॅप' म्हणजे धातूचे पत्रे लावलेल्या) जो आवाज येतो, तो सेटवरचा नाही. चित्रीकरणानंतर भरलेला आहे. त्यामुळे घरच्या फळीवर नाचून 'तसा आवाज का येत नाही' असं विचारण्यात अर्थ नाही. नाच वेगळा टिपायचा, आवाज वेगळा.

फळी: ८ बाय ४ फुटी, १८ मिमी प्लायवूडचा अर्धा तुकडा. खाली रबरी पट्ट्या फक्त कडेला लावल्या तेव्हा मधला भाग ढोलासारखा घुमला. दर फुटावर पट्टी दिल्यावर टाच आणि चवडा वेगळे ऐकू येऊ लागले. मागून बारीक किणकिण येत असेल तर आधी बुटाच्या टॅपचे स्क्रू तपासा, मग माइकला दोष द्या.

टाइम स्टेप (टॅपचा पायाभूत पदन्यास): शफल (पाय पुढे-मागे घासणं, दोन आघात), हॉप (त्याच पायावर उडी), स्टेप (पाऊल), फ्लॅप (पुढे घासून पाऊल, दोन आघात), स्टेप. मोजायचं '८-अँड, १, २, अँड-३, अँड'. म्हणजे उठाव समेच्या आधीच्या मात्रेवर. आघात सात, जागा आठ. रिकामी जागा हॉपनंतरची. नवखे नेमकी तीच भरून टाकतात आणि पुढचं सगळं अर्धी मात्रा लवकर येतं. उपाय जुनाच, आधी तोंडाने पढंत.

पाणी: ओल्या फळीवर टॅप बद्द वाजतो, चामड्याचा तळ मऊ पडून स्क्रूही ढिले होतात. म्हणून टॅप कोरड्यात घेतला. छपछप वेगळी: परातीत बोटभर पाणी आणि हवाई चप्पल. बूट घालून पाण्यात उतरण्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटतं.

चित्र आणि आवाजाची जुळणी: खरी डोकेदुखी इथे. खुणेसाठी सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक, दोन्ही हव्यातच. पहिली जुळून शेवटची सरकली आणि घसरण सारखी वाढत गेली, तर वेगाचा फरक. सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेममध्ये चार मिनिटांत पाव सेकंद, म्हणजे जवळपास सहा फ्रेम जातात. आवाज तेवढा ताणला की काम झालं. मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग मधे मधे बदलतो, म्हणून तो मात्र आधी स्थिर फ्रेमदरात बदलून घ्यावा. मधेच एकदम उडी दिसली तर फ्रेम गळल्या आहेत; तिथे ताणून काही होत नाही, चित्र कापून गेलेल्या फ्रेमइतकी जागा भरावी लागते.

अशीच घसरण 'सिंगिन इन द रेन'मध्येही आहे: त्यातल्या पहिल्या बोलपटाच्या फजितीच्या प्रसंगात नायिकेच्या ओठांवर खलनायकाचा आवाज येतो. १९२७च्या सुमाराला बोलपटाचा आवाज ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर असे, एका बाजूला साधारण ११ मिनिटं. फिल्म तुटून चार फ्रेम कापल्या गेल्या की पुढचं सगळं सरके, म्हणून गेलेल्या फ्रेमच्या जागी तेवढ्याच काळ्या फ्रेम जोडत. गळलेल्या जागी आपणही तेच करतो.

माइक फळीपासून फूटभर, तिरका. कॅमेऱ्याचा माइक सात मीटरवर असेल तर त्याचा आवाज २० मिलिसेकंद, म्हणजे अर्धी फ्रेम उशिरा पोचतो. जुळवताना तेवढं वजा करा.

बाकी काम: शेवटच्या १६ मात्रांतली छपछप अजून टॅपच्या पुढे पळते आहे.