थरचं खोकड, आंबोलीचा बेडूक: एक टॉर्च दोन्हीकडे चालत नाही

"दोन्ही प्राणी रात्रीचे, एक दणदणीत टॉर्च घेतला की झालं." या सल्ल्यावर जाऊ नका. वाळवंटी खोकडासाठी टॉर्च गाडीतच राहू द्या. जानेवारीत ते सकाळच्या उन्हात बिळाच्या तोंडाशी अंग शेकत बसलेलं सापडतं. शेपटीचं टोक पांढरं असेल तर वाळवंटी, काळं असेल तर साधं खोकड. पाणवठ्यावर दबा धरणं फुकट. जर्बिल (वाळवंटी उंदीर) आणि सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) यांच्या मांसातच त्याची बरीचशी तहान भागते. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या सरळ वगळा, तिथे उंट आणि पर्यटकच दिसतात. तिथल्याच डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीच्या सेवण गवतात शोधा.

घोळ होतो तो वाळूच्या वाटेवर. डांबरी संपताच टायरची हवा 18-20 पीएसआयवर आणा. चाक रुतलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. चाक जागीच फिरून खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. उतरा, चाकांपुढची-मागची वाळू हातांनी ओढा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे घ्या. शेजारची वाळू टणक दिसते म्हणून वाट सोडणं हा शुद्ध गाढवपणा: खाली जर्बिलांची बिळं असतात, चाक पुन्हा खचतं आणि खोकडाचं जेवणही चिरडतं. डांबरीवर परतल्यावर हवा भरा, नाहीतर टायर तापून फुटेल.

आंबोलीत सगळं उलटं. जुलै, रात्र, पाऊस. मलबारी उडता बेडूक उडताना दिसेल या आशेवर जाऊ नका, तो बहुधा फांदीला चिकटून बसलेला असतो. डबक्यावर झुकलेल्या पानांत पांढरट फेसाचा गोळा शोधा, तेच घरटं. पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात, म्हणून पान वळवून बघायचं नाही. इथे टॉर्च हवा, पण मंद, बाजूने, काही सेकंदच.

जळवांसाठी तंबाखू किंवा मलम चोळलेल्या हाताने बेडकाला शिवू नका. तो कातडीतून श्वासही घेतो आणि पाणीही, त्यामुळे हातावरचं सगळं थेट अंगात जातं. स्वच्छ हातानेही उचलायचं कारण नाही. तोल गेला तरी फांदी न बघता धरू नका; हाताच्या उंचीवर मलबारी चापडा हा साप बसलेला असू शकतो, आणि तो विषारी आहे. कॅमेरा एसीतून थेट बाहेर काढला तर भिंगावर धुकं धरतं. अर्धा तास आधी पिशवीसकट व्हरांड्यात ठेवा.