हाऊ कोट कोना शे?

धुळ्याहून अमळनेरची एसटी मिळाली तीही खिडक्या अडकलेली, मे महिना, पुढे गावापर्यंत काळीपिवळीत बारा जण. लग्न झालं, डीजे रात्री एकपर्यंत वाजला, शेवभाजी नको नको म्हणत तीनदा खाल्ली (खानदेशात ताटावर हात आडवा धरून उपयोग नसतो, हातावर वाढतात). ते सगळं जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याच्या ओसरीत आडवा पडलो होतो तर समोर भिंतीवर आजोबा. हाच फोटो आमच्याकडे पुण्यालाही आहे, पण आमच्या फ्रेममध्ये छातीपर्यंतच, काळा कोट, रुंद कॉलर, एकदम साहेब. इथे अख्खा होता. कोटाखाली धोतर, पाय अनवाणी आणि बाह्या इतक्या लांब की बोटांची टोकंच बाहेर. हसू आलं. पण संध्याकाळी शेजाऱ्यांच्या खुर्च्या परत द्यायला गेलो तर त्यांच्या म्हाताऱ्याच्या फोटोतही तोच कोट, डाव्या खिशाचा फाटका कोपरासुद्धा तोच!

आत्या म्हणाली, "तुना आजाना नई रे भाऊ, स्टुडिओना व्हता तो कोट." तालुक्याला फोटो काढायला जाईल त्याला घालायला मिळायचा.

आता माझी गोची. मी चित्रकलेचा मास्तर. जी. डी. आर्टच्या शेवटच्या वर्षी हाच कोट चारकोलमध्ये पुरुषभर उंच काढला होता, नाव 'आजोबांचा कोट', शेजारी कपड्यात माणूस कसा उरतो वगैरे पानभर लिहिलेलं. बोल्तान्स्की हा फ्रेंच कलाकार डोक्यात भिनला होता तेव्हा. त्याने २०१० च्या जानेवारीत पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये जुन्या कपड्यांचा डोंगर रचला, वरून क्रेनचा पंजा यायचा, मूठभर कपडे उचलायचा आणि परत सोडून द्यायचा, हॉलही मुद्दाम गारठलेला ठेवलेला. नाव 'पेर्सॉन', फ्रेंचमध्ये म्हणजे माणसं, आणि कोणीच नाही असंही. पोरांना मी अजून ते फोटो दाखवतो आणि सांगतो, एकेक कपडा म्हणजे एकेक गेलेला माणूस. मग हा कोट म्हणजे किती जण, सांगा.

आजोबा फोटो काढायला गेले तेव्हा आत्या फ्रॉकमधली, बरोबर गेलेली. म्हणे कोटाला कोणाच्यातरी घामाचा आणि तंबाखूचा वास मारत होता, आजोबा जन्मात तंबाखूला शिवले नाहीत, घरी येईपर्यंत कुरकुरत होते आणि आल्या आल्या थेट विहिरीवर अंघोळीला. एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

ते चित्र एका मित्राने विकत घेतलंय, त्याच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर आहे, नावाच्या पट्टीसकट. त्याला अजून फोन केलेला नाही.