जीप कमी, पायपीट जास्त: श्रीलंकेतल्या जंगलांचा माझा अनुभव

श्रीलंकेत पक्षी बघायला जायचंय म्हटलं की टूरवाले पहिलं नाव घेतात याला राष्ट्रीय उद्यानाचं. पहाटेची जीप, बिबट्या, हत्ती, दुपारी हॉटेलात जेवायला परत. बिबट्या बघायचा असेल तर ते ठीकच आहे. पण मला आणि माझ्या मावसबहिणीला हवे होते ते फक्त या बेटावर आढळणारे पक्षी. अशा तीसहून जास्त जाती आहेत आणि त्यातले बरेचसे नैऋत्येच्या ओल्या जंगलात आणि मधल्या डोंगरांत राहतात. म्हणून आम्ही याला उद्यान गाळलं आणि स्वतःचा मार्ग आखला: कोलंबोहून सिंहराजाचं जंगल, तिथून दक्षिण किनाऱ्यावर बुंदाला राष्ट्रीय उद्यान आणि शेवटी डोंगरातलं नुवारा एलिया.

आधी ऋतूचं गणित सोडवावं लागतं. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून सिंहराजाच्या बाजूला कोसळतो, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून पूर्वेला. या दोन्हींच्या मधली फट शोधायची आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे परत फिरायच्या आतही पोहोचायचं, म्हणून आम्ही फेब्रुवारीची अखेर आणि मार्चची सुरुवात धरली. व्हिसासाठी निघण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो. त्याचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, तेव्हा तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच बघा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

तिकिटांचं प्रकरण समजायला मला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. राष्ट्रीय उद्यानं वन्यजीव खात्याकडे आहेत, सिंहराजा मात्र वनखात्याकडे. त्यामुळे नियम, खिडक्या, वाटाडे सगळं वेगळं. वन्यजीव खात्याच्या उद्यानात परदेशी माणसाचं तिकीट डॉलरच्या हिशोबात असतं. त्यावर गाडीचं शुल्क, एक सर्व्हिस चार्ज आणि वर व्हॅट. हा सर्व्हिस चार्ज माणशी नसतो, गटामागे असतो. म्हणजे जीपमध्ये दोघं असा की सहा जण, तो तेवढाच. जीपचं भाडं आणखी वेगळं. एका हॉटेलवाल्याने ‘सगळं धरून’ असा एकच आकडा सांगितला होता. कशाचे किती ते कागदावर मांडून द्या म्हटल्यावर आकडा बराच खाली आला. दुसरं एक जोडपं जीप वाटून घ्यायला तयार झालं आणि खर्च आणखी उतरला.

पैसे हातात आल्यावर एक सुखद गोष्ट लक्षात आली. 2010 सालच्या मालिकेतल्या नोटांवर तिथलेच पक्षी छापलेत. वीसच्या नोटेवर सेरेंडिब घुबड, हजारच्या नोटेवर चिमुकला लटकणारा पोपट, पाच हजारांवर पिवळ्या कानाचा बुलबुल. त्यातलं हे घुबड तर विज्ञानाला अगदी अलीकडे कळलं. पक्षी अभ्यासक दीपल वराकगोडा यांना 1995 साली कितुलगलाच्या जंगलात एक अनोळखी हाक ऐकू आली, प्रत्यक्ष पक्षी दिसायला 2001 उजाडलं, आणि नवी जात म्हणून 2004 मध्ये त्याची नोंद झाली. एवढ्याशा, माणसांनी गजबजलेल्या बेटावर एक अख्खं घुबड इतकी वर्षं नजरेआड राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

सिंहराजात आम्ही कुडावाच्या बाजूने शिरलो. तिथे जीपचं काम दाराशी संपतं. पुढे वाटाड्या बरोबर घेऊन चालायचं. ज्या रुंद वाटेने चालतो ती मुळात लाकूडतोडीसाठी काढलेली. 1970च्या दशकात इथे यंत्रांनी तोड सुरू झाली होती. लोकांनी आवाज उठवला आणि 1977 साली ती थांबली. 1988 मध्ये युनेस्कोने हे जंगल जागतिक वारशात घेतलं. जळवांची आम्हाला आंबोलीच्या पावसामुळे सवय होती, तरी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच सॉक्स घेतलेच. ते दाराबाहेरच्या टपऱ्यांवर मिळतात.

पहिला बराच वेळ काहीच दिसलं नाही. या जंगलात असंच होतं: तासभर शुकशुकाट आणि मग सगळे एकदम. वाटाड्या थबकला, बोट वर करून हळूच म्हणाला, “अक्का, थांबा. थवा येतोय.” आधी खालच्या झुडपांतून केशरी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट आला. त्यांच्यामागे वरच्या फांदीवर शेंडीवाला कोतवाल. मग बघता बघता सगळी झाडं हलायला लागली. मलबार ट्रोगनची जोडी, लाल तोंडाचा मलकोहा, आणि अगदी वर निळा मॅगपाय: तांबूस-तपकिरी डोकं, लालभडक चोच आणि निळंशार अंग. कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. मावसबहिणीने तर दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनीच बघितलं, आणि तेच शहाणपणाचं होतं.

अशा मिश्र थव्यांचा अभ्यास इथे प्रा. सरथ कोटगमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलाय. एका थव्यात सरासरी 40च्या आसपास पक्षी आणि 11-12 जाती असतात. सातभाई संख्येने जास्त, पानं ढवळत पुढे जातात, त्यामुळे किडे उडतात आणि बाकीच्यांचं पोट भरतं. कोतवाल पहारा देतो. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करून त्यांना थव्याकडे बोलावतो, असंही त्यांना आढळलं. हे वाचून गेलात तर समोरच्या गोंधळातली शिस्त दिसायला लागते. एक एक पक्षी शोधत हिंडू नका, सातभाईंचा आवाज ऐका, असं मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

परतताना वाटाड्याने एका ठेंगण्या झाडात फ्रॉगमाउथ या रुंद तोंडाच्या निशाचर पक्ष्याची जोडी दाखवली. हात लांब केला तर पोहोचेल इतक्या अंतरावर होती, तरी दोन वाळकी पानंच वाटली. हा पक्षी गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यातही आहे. सह्याद्री आणि श्रीलंका जैवविविधतेच्या दृष्टीने एकाच पट्ट्यात मोजतात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तिथे अर्धी ओळख आधीच असते.

बुंदालाचा नूर पूर्ण वेगळा. उघडी खाजणं, वारा, ऊन. श्रीलंकेतलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 1990 सालचं. इथे जीप लागतेच, पण आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती आणि चालक सांगू तिथे इंजिन बंद करून थांबत होता. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, चिखलात पळणारे तुतवार, काठावर तोंड उघडून पडलेली मगर. रोहित मात्र नव्हते. एके काळी हिवाळ्यात त्यांचे मोठाले थवे इथे उतरायचे, बुंदालाचं नाव झालं ते त्यांच्यामुळेच. मग किरिंदी ओया नदीवरच्या सिंचन प्रकल्पातून शेतांचं गोडं पाणी मलाला आणि एंबिलिकला या खाजणांत येऊ लागलं, खारटपणा उतरला, रोहितांचं खाद्य गेलं आणि तेही गेले. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी रोहित बघणाऱ्या मला हे ऐकून धास्तीच वाटली. शेताला पाणी देणं वाईट नाही, पण ते पाणी शेवटी कुठे जाऊन पडतं हे कोणीतरी आधी बघायला हवं होतं. काठाने आपली वेडी बाभूळही फोफावलीय, मराठवाड्यात दिसते तशीच.

नुवारा एलियाजवळच्या हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानात पहाटे पोहोचा. ऊन चढलं की वर्ल्ड्‌स एंडच्या कड्यावर धुकं येतं आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही उरत नाही. दाराशी पिशव्या उघडून तपासतात, बिस्किटांची प्लास्टिकची वेष्टनं काढून खाऊ कागदात बांधून देतात, पाण्याच्या बाटलीचं लेबलसुद्धा सोलतात. रांग खोळंबते, पण पूर्ण वाटेवर मला कचरा दिसला नाही. आपल्या गडांच्या पायथ्याशी हे उद्याच सुरू करावं. जंगलाच्या कडेला पिवळ्या कानाचा बुलबुल निवांत बसला होता, नोटेवरचाच.

नुवारा एलिया गावात एक दिवस राखून ठेवा. गावाच्या मधोमध व्हिक्टोरिया पार्क आहे, फुलांचे ताटवे आणि मुलांचे झोपाळे असलेली साधी बाग. पण काश्मीरचा लाल छातीचा माशीमार हिवाळ्यात या बागेत येतो, आणि पावसाळ्यात सह्याद्रीत घरटं करणारा नवरंगही. दोन्ही आम्हाला मिळाले. नवरंग मागच्या ओढ्याजवळ, पालापाचोळा उडवत. सकाळी बाग उघडताच आत जा आणि सरळ ओढ्याची बाजू गाठा, कारण शाळांच्या सहली आल्या की पक्षी आत दडतात. इथे जीप लागत नाही आणि वाटाड्याचीही सक्ती नाही.