अभिकर्मकांची ग्रीक परिभाषा

विज्ञानाचे निम्मे शब्द ग्रीकमधूनच आलेले असल्यामुळे अभिकर्मकांच्या, म्हणजे प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या, माहितीपत्रकांचा ग्रीक अनुवाद सोपा असणार, असे अनेकांना वाटते. माझ्या मते हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा. ग्रीकमध्ये नायट्रोजनला ‘आझोतो’ म्हणतात, तर सोडियमला ‘नात्रिओ’. अभिकर्मक म्हणजे ‘आंदिद्रास्तिरिओ’, पण शेवट किंचित बदलून ‘आंदिद्रास्तिरास’ झाले की त्याचा अर्थ अणुभट्टीसारखे अभिक्रियापात्र असा होतो. तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण नमुन्याला ‘मार्तिरास’, म्हणजे साक्षीदार, असा शब्द आहे आणि तो मला विलक्षण समर्पक वाटतो, कारण चाचणी नीट पार पडली याची ग्वाही तोच नमुना देतो.

धोक्याच्या सूचनांबाबत मात्र अनुवादकाला मोकळीक नाही. रसायनांच्या वर्गीकरणाविषयीच्या युरोपीय संघाच्या १२७२/२००८ या नियमावलीत प्रत्येक सूचनेचे ग्रीक वाक्य ठरवून दिलेले आहे. त्वचा गंभीररीत्या भाजण्याचा व डोळ्यांना इजा होण्याचा इशारा देणारे ‘एच ३१४’ या संकेतांकाचे वाक्य जसेच्या तसे घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे.

आकड्यांकडे तर शब्दांहून अधिक लक्ष द्यावे. ग्रीकमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. त्यामुळे इंग्रजी मजकुरातील ‘१.००० मिलिलिटर’ तसेच राहिले, तर अथेन्समधील तंत्रज्ञ ते एक हजार मिलिलिटर असे वाचेल.