पताका खांद्यावर घेऊन

आमच्याकडे विठ्ठल चार दिवस उशिरा येतो. पंढरपूरची एकादशी आटोपली की पौर्णिमेला तो धापेवाड्याला असतो, अशी विदर्भातल्या लोकांची श्रद्धा. तिथली नदीही चंद्रभागाच. नागपूरहून कळमेश्वरमार्गे जवळपास ४० किलोमीटर. ज्यांना पंढरपूरला जायला रजा मिळत नाही त्यांची ही वारी, असं मी चेष्टेनं म्हणायचो. यंदा स्वतःच निघालो. सीताबर्डीतच दिंडीतले एक काका म्हणाले, "गुडघा दुखून राह्यला, पताका धर जी थोडा वेळ." ती त्यांनी परत मागितलीच नाही.

झिरो माइलचे घोडे मागे टाकून सिव्हिल लाइन्सकडे वळलो, तेव्हा वाहतूक पोलिसानं हात आडवा करून गाड्या थांबवल्या. आमच्यासाठी! आणि मला एकदम १९२३ आठवलं. याच सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन जायला इंग्रजांची मनाई होती. १ मेपासून १८ ऑगस्टपर्यंत माणसं झेंडा घेऊन येत राहिली आणि पकडली जात राहिली. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाईंनी सूत्रं घेतली. विनोबा तुरुंगात, सुभद्राकुमारी चौहानही तुरुंगात. गुजरातेतून, बिहारमधून स्वयंसेवक गाडीत बसून आले ते नागपूरच्या एका रस्त्यावरून चालायला मिळावं म्हणून. शेवटी मिरवणूक निघालीच. शाळेत हे दोन मार्कांपुरतं पाठ केलं होतं. माझी पताका वेगळी, कारण वेगळं; पण हातातल्या काठीला कोणी अडवत नाही, ही गोष्ट फुकटची नाही, हे त्या चौकात अंगावर आलं. पोलिसाला नमस्कार केला. तो घाईत होता, "चला चला" म्हणाला.

काटोल नाक्यापुढे पाऊस लागला. फेटरीला पोहे-तर्री मिळाली, दिंडीतल्या पोरांनी 'भारतमाता की जय' दिली आणि पाण्याचे रिकामे पाऊच तिथेच टाकले. एक माझाही होता. मागून येणारी मावशी काही न बोलता वाकून ते पिशवीत भरत होती. माझा उचलताना तिनं वर पाहिलं. तेवढं पुरलं. पुढे कळमेश्वरपर्यंत तिची पिशवी मीच वागवली.

कळमेश्वरच्या अलीकडे ट्रक उभा करून एक सरदारजी टायर बदलत होते. आमच्यात नामदेवांचा अभंग चालला होता. त्यांनी हात पुसले. "ये भगत नामदेव जी हैं ना?" मी हो म्हटलं. "हमारे गुरु ग्रंथ साहिब में उनकी बाणी है." हे मला वाचून माहीत होतं, ६१ पदं आहेत हा आकडासुद्धा. पण ते 'हमारे' म्हणाले, तेव्हा आकडा कुठे राहिला! नरसी नामदेवचा माणूस पंजाबात घुमानला जाऊन राहिला, तेही पायीच, आणि सातशे वर्षांनी आमच्या रस्त्यावर त्याची चौकशी होतेय. देश एक आहे वगैरे भाषणं मी १५ ऑगस्टला सोसायटीत केली आहेत. तिथे हे कधी सुचलं नव्हतं. सरदारजींनी कॅनमधलं पाणी आम्हा सगळ्यांना पाजलं, मग जॅककडे वळले. आम्हाला मदत करू दिली नाही.

रात्र कळमेश्वरला शाळेच्या व्हरांड्यात काढली. डास आणि घोरणं, दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी संत्र्यांच्या बागा आणि नुकतं उगवलेलं कापूस-सोयाबीन बघत धापेवाडा गाठलं. नदीला गढूळ पाणी होतं, गर्दी अफाट. विठ्ठलापुढे डोकं टेकवायला मिळालं अर्धा क्षण, त्यात मागायचं सगळं विसरलो.

बाहेर काका उभे होते. गुडघा ठणठणीत. "आन ते पताका," म्हणाले. द्यायला जिवावर आलं. दिली. खांद्यावर बांबूचा वळ उमटला होता. सोमवारी ऑफिसला जाताना बॅग दुसऱ्या खांद्याला लावली.