आधी रस्ता, मग टायर : आमची वाटचाल

आमचं टायरचं दुकान जालन्यात, अंबड रस्त्यावर. आबांनी १९९१ साली पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं तेव्हा सामान म्हणजे एक कॉम्प्रेसर, पंक्चर भाजायचं मशीन, टायर उचकटायच्या दोन-तीन टाम्या आणि पाण्याची टाकी. गिऱ्हाईक बहुतेक काळी-पिवळीवाले आणि ट्रॅक्टरवाले. जीपला ६.००-१६ चं टायर लागायचं, कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकालाही तेच. त्यामुळं कोणतं टायर घ्यावं असं कोणी विचारत नसे. झिजून गोटा झालं की रिमोल्ड करायचं, म्हणजे वरून नवं रबर चढवायचं, आणि पुन्हा चालवायचं.

माझ्याकडं दुकान आलं तोवर ट्यूबलेस रेडियल आले होते. आम्ही कर्ज काढून अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची मशिनं बसवली. पण आमच्या धंद्याला खरं वळण दिलं ते बियाणे कंपन्यांच्या बोलेरो गाड्यांनी. जालना बियाण्यांचं गाव. कंपन्यांची माणसं सकाळी डांबरी रस्त्यानं निघतात, मग मुरमाचा रस्ता, मग पाणंद, आणि शेवटी थेट बीजोत्पादनाच्या प्लॉटच्या बांधावर. संध्याकाळी त्याच टायरवर घरी. गुळगुळीत रस्त्याचं टायर पाणंदीत जागीच फिरत राहतं, आणि नुसत्या चिखलासाठी बनवलेलं टायर डांबरावर लवकर झिजतं. या लोकांना दोन्हीकडं चालणारं टायर हवं होतं. ऑल टेरेन, म्हणजे एटी टायर, आमच्या दुकानात आलं ते यांच्यासाठी, हौशी मंडळींसाठी नंतर.

मग २०२० साल आलं. जूनमध्ये केंद्र सरकारनं बाहेर देशातून येणाऱ्या नव्या टायरांवर परवान्याची अट घातली आणि विदेशी एटी टायर बाजारात मिळेनासं झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवी थार विक्रीला आली, तीही वरच्या मॉडेलला २५५/६५ आर१८ चं देशी एटी टायर घेऊन. तालुक्याच्या गावातली पोरं थार घेऊन दुकानात यायला लागली. देशी कंपन्यांचा एटी माल तेव्हापासून खूप सुधारला. ज्यांचं काम रोजचं आहे त्यांना मी आजही तोच सांगतो, कारण साईड कट बसला, म्हणजे टायरची बाजू चिरली, तर बदली टायर आठवड्याच्या आत मिळायला हवं.

आलेल्या माणसाला आम्ही सगळ्यात आधी त्याचा रस्ता विचारतो. "दादा, महिन्यातले किती दिवस डांबर सुटतं? आणि सुटलं की खाली काय असतं, खडक, मुरूम की काळी?" उत्तर 'दिवाळीत एकदा गावी जातो' असं असेल, तर त्याला साधं हायवेचं टायर देतो. एटीच्या नक्षीत मोकळ्या खाचा जास्त, रबराचे गट्टे सुटे. म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढं ते गुणगुणतं, वजनानंही सहसा जड असतं, ॲव्हरेज थोडं खातं आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतं. वापर नसताना हे सगळं कशाला सोसायचं? महाग टायर घ्यायला आलेला माणूस स्वस्त टायर घेऊन गेला याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला जाणारा इंजिनिअर असेल, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळ्याच्या बाजूला फिरणारा असेल, खाणीवरचा ठेकेदार असेल, तर त्याला एटीच. आपला दगड बेसॉल्टचा. फुटला की त्याला सुरीसारखी धार येते, आणि ती धार टायरच्या बाजूला लागते. चांगल्या एटीची बाजू जाड असते, खांद्यावर रबराचे गट्टे खाली उतरलेले असतात आणि खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, जे अडकलेला खडा बाहेर ढकलतात. एटी घेताना आधी बाजू दाबून बघा, नक्षीचा देखावा नंतर.

आता काळ्या मातीचं. इथं मी हात जोडून सांगतो, कारण याच ठिकाणी पैसे खर्च करून माणूस निराश होतो. आपल्या रेगुरात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी पिऊन ती फुगते आणि परातीतल्या ओल्या पिठागत नक्षीच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसते. दोन फेऱ्यांत एटीचं टायर गोट्यासारखं गुळगुळीत होतं. चिखलाचं एमटी टायर फिरता फिरता माती झाडून टाकतं, कारण त्याच्या खाचा रुंद असतात. पण तेही जोरात फिरलं तरच, आणि जोरात फिरवलं की गाडी आणखी रुतते. म्हणून पेरणीनंतरच्या पावसात वावरात जायचं असेल तर गाडी डांबरावर ठेवा आणि पायी किंवा ट्रॅक्टरवर जा. हे मी एटी विकणारा माणूस सांगतोय.

जायची वेळ आलीच, तर हवेनं काम होतं. चारही चाकांची हवा अठरा-वीस पौंडांवर आणली की टायर जमिनीवर लांब टेकतं आणि पकड वाढते. मग सावकाश, झटक्यानं वळण न घेता चालवायचं. बाहेर आल्यावर लगेच हवा भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा, ती वस्तू दुसऱ्या कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा जास्त कामाची. कमी हवेवर महामार्गावर चढलात तर टायरची बाजू वाकून वाकून तापते आणि फुटते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जालन्याहून लोक ताशी १२० नं जायला लागले. तेव्हापासून आम्ही हवा भरायला आलेल्या प्रत्येक टायरवरचे चार आकडे वाचतो. २३२१ असेल तर ते टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. जुन्या टायरची नक्षी भरपूर दिसते, पण बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात. वर्षभर शेतवस्तीवर उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं. अशा टायरला मे महिन्यात समृद्धीवर नेऊ नका. हवा थंड टायरमध्येच तपासा, सकाळी निघण्याआधी. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायचा आग्रह मला पटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, दर पंधरवड्याला हवा बघणं त्याहून महत्त्वाचं.

साईजवरून सगळ्यात जास्त वाद होतो. बोलेरोचं २१५/७५ आर१५ काढून २३५/७५ आर१५ बसवायचा मोह फार जणांना. त्यानं व्यास ३० मिलिमीटरनं, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी १०४ नं पळत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासू शकतं आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो. कंपनीनं मान्य केलेल्या साईजच्या बाहेर आम्ही जात नाही. भार निर्देशांकही बघा : १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १११ म्हणजे १०९०. आणि फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच जातीचे, एकसारखे झिजलेले. दोन नवे, दोन जुने अशी जोडी ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागावर, ताण देते.

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधीचे दोन-तीन आठवडे दुकान जवळपास रिकामं होतं, सगळे थांबले होते. पण त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या गावात शिरल्या, रस्ते वाहून गेले. मदतीचं धान्य घेऊन जाणाऱ्या गाड्यांची हवा आणि पंक्चर आम्ही पैसे न घेता केलं. पाणी ओसरल्यावर वेगळीच तक्रार सुरू झाली : "भाऊ, नवं टायर आहे तरी स्टिअरिंग थरथरतं." चाकाच्या डिस्कच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून दगड झालेली असायची, त्यानं चाकाचं वजन बिघडायचं. प्रेशरनं धुवून काढली की गाडी सरळ. त्या दिवसांत आम्ही टायर कमी विकले, चाकं जास्त धुतली.

आता माझी पुतणी अलाइनमेंटचं मशीन सांभाळते आणि गिऱ्हाइकांची वही तिनं संगणकावर घेतली आहे. कोणाचं टायर किती किलोमीटरला फिरवायचं, म्हणजे एका चाकाचं दुसऱ्या जागी लावायचं, ते ती फोन करून कळवते; एटीला आठ-दहा हजारांवर, स्टेपनीसकट. मंठा चौफुलीकडं दुसरी जागा बघतोय, तिथं चाकं धुवायचा वेगळा रॅम्प करायचा आहे. टायर घ्यायला याल तेव्हा गाडी रोज जशी भरलेली असते तशीच आणा, आणि जुनी टायर घरी काढून ठेवू नका. ती कुठं कशी झिजली, हे बघितल्याशिवाय आम्हाला नवीन सुचवता येत नाही.