घरच्या आठ आयपींना उलटं डीएनएस लागलं एकदाचं

भावांनो, घरच्या मेल सर्व्हरचं मागच्या वेळी जिथं अडकलं होतं (जीमेल आपला मेल घेत नव्हतं) ते या आठवड्यात सुटलं. उलटं डीएनएस म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद. कोल्हापुरात राजारामपुरीत घरी जी लाईन घेतलीय तिच्यावर स्लॅश २९ चा ब्लॉक आहे, म्हणजे आठ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, एक राऊटरला गेला की हातात राहतात पाच. एसपीएफ (आपल्या डोमेनचा मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात ती यादी) बरोबर होतं, पोर्ट २५ (मेल जायची वाट) उघडं होतं, तरी जीमेलला मेल टाकला की ५५० ५.७.२५ म्हणून परत, म्हणजे पाठवणाऱ्या आयपीला पीटीआरच, म्हणजे ती उलटी नोंदच, नाही.

हा पीटीआर आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये टाकून उपयोग नसतो. आयपीवरून नाव शोधताना पत्ता उलटा लिहून मागं इन-अॅडर.अर्पा लावतात आणि ती झोन (डीएनएस नोंदींचा एक भाग) आयएसपीच्या, म्हणजे लाईन देणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात असते. डीएनएसमध्ये वाटणी पडते टिंबावर, त्यामुळं २५६ पत्ते एकदम सोपवता येतात, पण त्यांच्या पोटातले आठच कसे द्यायचे? त्याची तोड १९९८ च्या आरएफसी २३१७ (इंटरनेटच्या कार्यपद्धतीचा दस्तऐवज) मध्ये आहे. आयएसपीनं आठही पत्त्यांना एकेक सीनेम (दुसऱ्या नावाकडं वळवणारी नोंद) लावायचा, ते सगळे एका छोट्या झोनकडं वळवायचे आणि ती झोन एनएस रेकॉर्डनं (झोन कुठला सर्व्हर सांभाळतो ती नोंद) आपल्या नेमसर्व्हरला द्यायची. फोनवर हे सांगून काय जमेना, मग कागदावर सगळ्या ओळी लिहून शाहूपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला पोरगा कागद बघून म्हणाला, "दादा, एवढंच पायजे व्हय?" आणि माझ्यासमोरच टाकून दिलं. मला लई बरं वाटलं.

आरएफसीतल्या उदाहरणात झोनच्या नावात स्लॅश आहे, पण तेच नाव फाईलला दिलं की स्लॅशमुळं त्याचा फोल्डर समजला जातो, म्हणून मी डॅश मागून घेतला. खरे पत्ते देत नाही, समजा २०३.०.११३.४० ते ४७ असतील तर झोन झाली ४०-४७.११३.०.२०३.इन-अॅडर.अर्पा.

मग बाइंडमध्ये (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) झोन चढवली, डिग मायनस एक्स (आयपीवरून नाव विचारायची कमांड) मारलं तर उत्तरात मेल सर्व्हरचं नाव आलं आणि त्याच्या शेपटाला ही अख्खी झोन चिकटलेली. पीटीआरच्या ओळीत नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहून गेलं होतं, टिंब नसलं की बाइंड मागं झोनचं नाव जोडतो. टिंब दिलं, सिरियल (झोनच्या आवृत्तीचा नंबर) एकनं वाढवला, रीलोड केलं, तरी बाहेरून जुनंच दिसतंय, कारण टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) ८६४०० ठेवलेला म्हणजे जुनं उत्तर कॅशमध्ये दिवसभर राहू शकतं. अशा वेळी थेट आपल्याच नेमसर्व्हरला विचारून बघा, उगं फाईल उचकू नका, आणि सुरुवातीला टीटीएल ३०० च ठेवा.

अजून एक, पीटीआरमधल्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) परत त्याच आयपीवर आला पाहिजे, नुसतं नाव असून भागत नाही. हेलोमध्येपण (मेल देताना सर्व्हर स्वतःचं नाव सांगतो त्यात) मी तेच नाव ठेवलंय.

काल रात्री आत्तीच्या जीमेलवर मेल टाकला, सरळ इनबॉक्समध्ये. आता दुसरा नेमसर्व्हर इचलकरंजीत मित्राकडं ठेवायचाय, इकडं लाईट गेली की ही झोन उत्तरच देत नाही.